चौघांसाठी टर्की: अख्खी नको, कटलेट आणा

नोव्हेंबर लागला की इकडे अमेरिकेत सुपरमार्केटात फ्रीझरच्या त्या लांबलचक उघड्या पेट्यांमध्ये टर्क्या, म्हणजे कोंबडीहून कितीतरी मोठे पक्षी, येऊन पडतात, जाळीत बांधलेल्या, दगडासारख्या टणक, आणि दरवर्षी कुणीतरी नवीन आलेलं मराठी जोडपं त्या पेटीपाशी उभं राहून एकमेकांकडे बघत असतं. मला ते लांबूनच ओळखू येतं कारण दहा वर्षांपूर्वी तिथे आम्ही उभे होतो. "घेऊया ना, एवढी स्वस्त आहे" असं नवरा म्हणाला आणि आम्ही १४ पाउंडांची, म्हणजे सहा किलोच्या वरची टर्की उचलून गाडीत टाकली. जेवायला माणसं किती, तर आम्ही दोघं आणि त्याचे ऑफिसातले दोन मित्र, त्यातला एक ऐनवेळी शाकाहारी निघाला. इथे हिशेब माणशी एक-दीड पाउंडाचा सांगतात, तुम्हीच गुणाकार करा.

थँक्सगिव्हिंग, म्हणजे टर्कीच्या मेजवानीचा इथला सण, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. आम्ही टर्की आणली मंगळवारी संध्याकाळी आणि फ्रीजमध्ये ठेवून निवांत झोपलो. आता मला माहितीये की फ्रीजमध्ये बर्फ वितळायला चार-पाच पाउंडांना एक अख्खा दिवस लागतो, म्हणजे आमच्या धोंड्याला तीन दिवस हवे होते. बुधवारी रात्री दहाला दाबून बघितली तर बोट दुखलं. मग नेटवर शोधलं तर दुसरा उपाय थंड पाण्याचा, पाउंडाला अर्धा तास आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. १४ पाउंड म्हणजे सात तास. किचनच्या सिंकमध्ये ती मावेना म्हणून बाथटबमध्ये ठेवली आणि आम्ही आळीपाळीने अलार्म लावून रात्रभर उठत होतो, तेव्हा मूलबाळ नव्हतं पण तान्ह्या बाळाची रात्र कशी असते त्याची रंगीत तालीम तेवढ्यात झाली.

पुढचं थोडक्यात सांगते कारण आठवलं तरी लाज वाटते. पोटातली पोकळी तपासली, पण मानेकडच्या पोकळीत कलेजी-पेट्याची कागदी पिशवी असते हे कुणी सांगितलंच नव्हतं, ती पिशवीसकट भाजली गेली. ओव्हन ३२५ फॅरेनहाइटला, तक्त्यात पावणेचार तास लिहिलेले, पण आत बर्फ शिल्लक असणार आणि आम्ही दर दहा मिनिटांनी दार उघडून बघत होतो, त्यामुळे पाचच्या सुमारास मिळायचं ते जेवण रात्री नऊला मिळालं. मांडीच्या सांध्यापाशी कच्चट वाटतंय म्हणून परत आत ढकलली, आणि शेवटी छातीचं मांस कापलं तर ते नारळाच्या काथ्यासारखं निघालं, दातात अडकायचं आणि घशाखाली उतरायचं नाही. शाकाहारी मित्राने मात्र बटाटे पोटभर खाल्ले आणि "मस्त झालंय हां" म्हणाला.

ह्यात नुसता आमचा अडाणीपणा नव्हता, थोडा दोष त्या पक्ष्याच्या बांध्याचा पण आहे. टर्की आयुष्यभर चालते, त्यामुळे पाय-मांड्या चिवट, त्यांना मऊ व्हायला जास्त वेळ आणि जास्त आच लागते. छाती मात्र चरबी नसलेली, ती १६५ फॅरेनहाइटला म्हणजे ७४ सेल्सियसला तयार होते आणि त्याच्यापुढे जितका वेळ राहील तितकी सुकत जाते. त्यात हल्लीच्या पाळीव टर्क्या मुद्दाम एवढ्या छातीच्या वाढवल्यात की त्यांना उडता पण येत नाही. म्हणजे एकाच भांड्यात भाताबरोबर राजमा शिजवायला ठेवल्यासारखं आहे, एक होईपर्यंत दुसऱ्याची खीर. इथल्या बायका ह्याच्यावर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवणं, छातीवर फॉइल झाकणं, उलटी भाजणं असे शंभर उपाय करतात, आणि बारा-पंधरा माणसं जेवायला असतील तर करावेत पण. एका टर्की कंपनीची तर १९८१ पासून खास फोन लाइन आहे, टर्की बिघडली की लोक फोन करून विचारतात. ज्या पदार्थाला हेल्पलाइन लागते तो मी चार माणसांसाठी का करावा?

तर कटलेट.

इथे आधी शब्दाचा घोळ मिटवते कारण आमच्या घरी ह्याच्यावरून गेल्या वर्षी अर्धा तास गेला. आई रत्नागिरीहून सहा महिन्यांसाठी आलेली. मी म्हटलं यंदा टर्कीचे कटलेट करणारे, तर ती लगेच "मग बटाटे उकडायला लावू? खिमा कुठाय?" कारण आपलं कटलेट म्हणजे बटाटा नाहीतर खिमा, रव्यात किंवा ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेली टिक्की, रेल्वेतलं व्हेज कटलेट, नाहीतर मुंबईच्या इराण्याकडचं मटण कटलेट. इकडे कटलेट म्हणजे टर्कीच्या छातीचा पातळ काप, पाव इंच जाडीचा, बिनहाडाचा, बाकी काही नाही. साधारण पाउंड-सव्वा पाउंडाच्या पॅकमध्ये चार-पाच काप येतात, कच्चे, चिकनच्या कपाटाशेजारीच मिळतात आणि वर्षभर मिळतात. मी तिला पॅक उघडून दाखवला तर आई म्हणाली, "अगं ही तर तुकडी आहे, सुरमईची असते तशी."

बास, हीच गोष्ट मला गेली कित्येक वर्षं नीट शब्दात सांगता येत नव्हती. ज्याला तव्यावर सुरमईची तुकडी न मोडता, न सुकवता तळता येते त्याला टर्की कटलेट येतंच, वेगळं शिकायचं काही नाही. ओव्हन नको, बाथटब नको, रात्रीचा अलार्म नको. एक घाणा पाच मिनिटात.

आता कसं करते ते सांगते. सव्वा पाउंडाचा पॅक, आमच्या चौघांना पुरतो. काप धुवायचे नाहीत. ह्यावरून पण आईशी वाद झाला, ती म्हणे "न धुता कसं गं करायचं, विटाळ वाटतो." पण इथे सरकारी सूचनाच आहे की कोंबडी-टर्की धुऊ नका, धुताना शिंतोडे सिंकभर उडतात आणि जंतू पसरतात, शिजवल्यावर ते मरतातच. आणि मला त्यापेक्षा मोठं कारण हे वाटतं की पातळ काप ओला राहिला की तव्यावर भाजला जात नाही, नुसता वाफेवर शिजतो आणि पांढराफटक दिसतो. म्हणून पेपर टॉवेलने दोन्हीकडून नीट टिपून घ्यायचा, हात स्वच्छ धुवायचे. एखादा काप एका बाजूला जाड असेल तर दोन प्लास्टिकच्या मध्ये ठेवून लाटण्याने हलकेच ठोकायचा, सगळीकडून सारखा झाला पाहिजे, नाहीतर एक टोक कच्चं आणि एक टोक चामडं. पाऊण चमचा मीठ आणि भरपूर मिरपूड लावून अर्धा तास ठेवून द्यायचं. पॅकवर बारीक अक्षरात बघा, काही कंपन्या आधीच मिठाचं पाणी टोचून विकतात, तसं लिहिलेलं असेल तर मीठ निम्म्याहून कमी.

मग ताटलीत थोडा मैदा घेऊन दोन्हीकडून घोळवायचं आणि झटकून टाकायचं, जाड थर नको. मी बिडाचा तवा वापरते, स्टीलचं पॅन पण चालतं, नॉनस्टिकवर होतं पण खाली खरपूस धरत नाही आणि पुढे रश्श्याला तेच हवं असतं. तवा चांगला तापला की दोन चमचे तेल, त्यात थोडं बटर, आणि काप एका वेळी दोनच टाकायचे. पाचही एकदम कोंबले की तव्याची आच उतरते, पाणी सुटतं, मग काय खेळ खल्लास. पहिली बाजू दोन मिनिटं, अजिबात हलवायचं नाही, कडा पांढऱ्या व्हायला लागल्या की उलटायचं, दुसरी बाजू दीड-दोन मिनिटं. थर्मामीटर असेल तर कापाच्या बाजूने आडवा खुपसायचा, वरून खुपसलात तर तव्याचंच तापमान दाखवतो, १६५ आलं की काढलं. आमच्याकडे सगळे चुकतात ते इथेच, "अजून एक मिनिट असू दे, कच्चं नको राहायला" असं म्हणून पाच मिनिटं ठेवतात. कोळंबी जशी जास्त शिजवली की रबर होते तसंच आहे हे.

काप ताटलीत काढून ठेवायचे आणि तवा धुवायचा नाही!! तळाला जे खरपूस धरलंय तीच थँक्सगिव्हिंगची खरी चव आहे, माझं तर ठाम मत झालंय की त्या दिवशी लोक टर्की खातच नाहीत, ग्रेव्ही खातात आणि टर्की नुसती तिला आधार म्हणून असते. त्याच तव्यात दोन चमचे बटर, एक छोटा कांदा अगदी बारीक चिरून, तो मऊ झाला की दीड चमचा मैदा घालून परतायचा, बेसन भाजताना येतो तसा खमंग वास यायला लागला की दीड कप चिकन ब्रॉथ (कोंबडी उकळलेलं पाणी) थोडा थोडा घालत हलवत राहायचं, गुठळ्या होऊ द्यायच्या नाहीत, लाकडी उलथन्याने तळ खरवडत राहायचं. आईने वाकून बघितलं आणि म्हणाली "मैद्याचं पिठलं की गं हे." खोटं नाही, आहेच. ताटलीत कापांना जो रस सुटलेला असतो तो पण ह्यात ओतायचा, शेवटी चार-पाच सेजची पानं आणि अर्ध्या लिंबाचा रस. काप परत आत सोडायचे, फक्त गरम होईपर्यंत.

सेज ही भाजी नाही, सुगंधी पान आहे, राखाडी हिरवं, मखमली लव असलेलं, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात छोट्या डब्यातून मिळतं. त्याला कापराचा वास असतो, खरंच असतो, त्या पानात कापराचा अंश असतोच. आई बाहेरच्या खोलीतून ओरडली, "देवापाशी कोणी कापूर लावला?" जपून वापरा, चार पानं म्हणजे चारच.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते, पटली तर घ्या. त्या दिवशी तरी टर्कीला गरम मसाला, तंदुरी मसाला, चिकन सिक्स्टीफाइव्ह असलं काही करू नका. वर्षातले बाकीचे ३६४ दिवस आपण तेच करतो. लेक तिसरीत आहे, शाळेतून हाताच्या पंजाची टर्की कागदावर काढून घेऊन येते आणि तिला त्या दिवशी मैत्रिणींच्या घरी असतं तसं हवं असतं, "आपल्याकडे पण खरं थँक्सगिव्हिंग कर ना." तिला एवढंच सांगितलं की "खरं" काय ते आपल्याला वाटतं तेवढं पक्कं नाही. प्लिमथला १६२१ साली झालेल्या ज्या जेवणावरून हे सगळं सांगतात, त्याचं तिथे इंग्लंडहून येऊन वसलेल्या एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात जे वर्णन आहे त्यात शिकारीचे पक्षी आहेत आणि तिथल्या मूळच्या वांपनोआग लोकांनी आणलेली पाच हरणं आहेत, टर्कीचं नाव घेऊन उल्लेख नाही. राष्ट्रीय सण म्हणून लिंकनने जाहीर केलं ते १८६३ साली, आणि चौथा गुरुवार कायद्याने ठरला तो तर १९४१ मध्ये. तेव्हा अख्खा पक्षी टेबलावर आणला नाही तर सण बाटत नाही. लेकीला हरणांची गोष्ट फारशी आवडली नाही पण ग्रेव्ही दोनदा घेतली.

टर्कीचं आणि आपलं नातं तसं जुनं आहे बरं का. १६१२ साली जहांगीर बादशहाचा माणूस मुकर्रब खान गोव्याच्या बंदरातून पोर्तुगीजांकडून अजब अजब प्राणी-पक्षी विकत घेऊन गेला, त्यात एक टर्की होती. जहांगीराला ती इतकी आवडली की त्याने उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं (हल्ली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे) आणि लिहून ठेवलं की तिच्या डोक्यामानेचे रंग सरड्यासारखे बदलतात आणि चोचीवरचं मांस हत्तीच्या सोंडेसारखं लोंबतं. पोर्तुगीजांच्या भाषेत ह्या पक्ष्याला "पेरू" म्हणतात. हे मी आईला सांगितलं आणि चूक केली, तिने रत्नागिरीला मावशीला फोन लावून "आज आमच्याकडे पेरूचं कटलेट" असं सांगितलं आणि मावशी बिचारी विचारत राहिली की पिकलेला घेतलास की कच्चा. गंमत म्हणजे पक्षी मूळ अमेरिकेतला, मेक्सिकोत माणसाळवलेला, इंग्रज त्याला तुर्कस्तानचा समजले, आणि तुर्कस्तानात त्याला "हिंदी" म्हणतात. कोणीच घ्यायला तयार नाही.

असो, जेवण. कटलेट झटपट होत असल्यामुळे बाकीच्या गोष्टी निवांत होतात, आणि ते सगळ्यात शेवटी, माणसं टेबलावर बसायच्या बेतात असताना करायचं. मॅश पोटॅटो आईने केले, लोणी घालून, आणि माझं लक्ष नसताना त्यात हिरवी मिरची-कोथिंबीर, ते असो. फरसबी नुसती वाफवून बटरवर. क्रॅनबेरी सॉस डब्यातला आणू नका, त्या आंबट लाल फळांची १२ औंसांची पिशवी, एक कप साखर, एक कप पाणी, दहा मिनिटात दाणे फटाफट फुटतात आणि गार झाल्यावर आपोआप जेलीसारखं आळतं. आमच्या न्यू जर्सीतच पाइन बॅरन्समध्ये क्रॅनबेरी पिकते. चव कोकणातल्या माणसाला लगेच कळते, करवंदाची बहीण आहे, त्यामुळे दुसऱ्या पिशवीचं आईने मोहरी-मेथी-हिंगाची फोडणी देऊन लोणचं घातलं. आणि लाल भोपळ्याच्या 'पाय' नावाच्या गोड पेस्ट्रीच्या ऐवजी डब्यातल्या भोपळ्याच्या गराचे गूळ घालून घारगे. तो गर फक्त भोपळाच आहे ना ते डब्यावर बघा, शेजारीच पायसाठी मसाला-साखर घातलेला पण असतो, आम्ही एकदा तो आणला आणि दालचिनी-लवंगेचे घारगे खाल्ले.

तोटे पण सांगायला हवेत. पाउंडाच्या भावाने बघाल तर कटलेट अख्ख्या टर्कीपेक्षा चांगलंच महाग, त्या आठवड्यात तर अख्खी टर्की दुकानदार जवळजवळ वाटूनच टाकतात. हाडं नाहीत म्हणजे सूप नाही. आणि ज्यांना मांडीचं रसाळ मांस आवडतं, नळी चोखायला लागते, त्यांचा विरस होतो, नवरा गेल्या वर्षी "छान आहे पण चावायला काही नाही" म्हणत होता. त्याच्यासाठी मी आता टर्कीच्या तंगड्यांचा एक वेगळा पॅक आणते, कुकरमध्ये कांदा, मिरी, तमालपत्र घालून शिजवते, त्याचं पाणी ब्रॉथ म्हणून ग्रेव्हीला जातं आणि तंगडी जावईबापूंच्या पानात. एकदम सगळे खूष.

आता शुक्रवार. गेल्या वर्षी मी दोन पॅक आणलेले, दुसरा तसाच कच्चा फ्रीजमध्ये होता आणि सकाळी मी उठायच्या आत आईने त्याचा ताबा घेतला. आलं-लसूण वाटून, हळद, लाल तिखट, मीठ, आणि इंडियन स्टोअरमधल्या बाटलीतलं कोकम आगळ दोन चमचे, हे चोळून अर्धा तास. मग तांदळाचं पीठ आणि बारीक रवा निम्मे निम्मे घेऊन त्यात दाबून घोळवलं आणि तव्यावर जरा सढळ तेलात, सुरमईसारखंच. वरून कुरकुरीत आणि आत मऊ. आता खरं सांगू का, आदल्या दिवशीचं सेजवालं चांगलं होतं पण हे चाटूनपुसून संपलं. आगळाचा आंबटपणा त्या मिळमिळीत मांसाला फार छान लागतो. आई मात्र पूर्ण खूष नव्हती, तिचं म्हणणं वास तर काहीच नाही ह्याला, मासळीचा कसा घरभर सुटतो.

आदल्या दिवशीचे उरलेले दोन काप होते ते फ्रीजमध्ये ठेवले. शिजवलेली टर्की दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेली पाहिजे आणि तीन-चार दिवसात संपवली पाहिजे. परत तव्यावर गरम करायला गेलं की सुकतात, म्हणून गारच, पातळ चिरून, पोळीत क्रॅनबेरीचं लोणचं लावून गुंडाळी करून सोमवारी लेकीच्या डब्यात दिली. डबा रिकामा आला, फक्त लोणच्यातली मेथी तेवढी कोपऱ्यात वेचून ठेवलेली होती.